रोपांचा मुहूर्त

देवणीच्या माणसानं परगावी जाऊन गावाचं नाव सांगितलं, की समोरचा आधी गाईचं विचारतो. 'म्हणजे ती देवणी का?' तीच. जिचे वानेरा, बालांक्या आणि शेवरा असे तीन प्रकार आहेत आणि जिच्यामुळं लातूर जिल्ह्याच्या टोकावरचं, कर्नाटकाला खेटून असलेलं आमचं गाव पशुवैद्यकाच्या पुस्तकात गेलं, ती. जनावरांच्या प्रदर्शनात देवणी वळूला फेटा बांधतात, अंगावर झूल चढवतात, त्याच्याशेजारी उभं राहून पुढारी फोटो काढून घेतात. माणसांचा नंबर त्यानंतर. भाजीपाल्याचा तर लागतच नाही. तालुका सोयाबीन-तुरीचा. भाजी म्हणजे विहिरीच्या कडेला, घरच्या बायकांचा आग्रह मोडवत नाही म्हणून सोडलेल्या चार सऱ्या. अशा ठिकाणी आमच्या अण्णांनी भाजीच्या रोपांची रोपवाटिका काढली, तेव्हा देवणी गाईच्या गावात म्हैस घेऊन आलेल्या माणसाकडं बघावं तसं लोकांनी त्यांच्याकडं बघितलं.

अण्णा माझे चुलतभाऊ. उदगीर रस्त्याला दहा गुंठ्यांत त्यांचं शेडनेट आहे. मी सेवानिवृत्त असल्यामुळं रोज संध्याकाळी तिथल्या बाजेवर जाऊन बसतो आणि चहा पितो. रोपवाटिकेत रोपं बघण्यासारखी नसतात, ती बिचारी एका जागी उभी असतात. बघण्यासारखी असतात ती रोपं न्यायला आलेली माणसं. प्रत्येकाचा प्रश्न एकच, 'अण्णा, रोप कव्हा लावावं?' गंमत अशी, की ज्या रोपाबद्दल हा प्रश्न असतो ते तिथंच ट्रेमध्ये, विचारणाऱ्याच्या गुडघ्याजवळ उभं असतं. माणूस आभाळाकडं बघतो, मोबाईलकडं बघतो, अण्णांच्या तोंडाकडं बघतो. खाली मात्र बघत नाही.

हा प्रश्न फक्त देवणी तालुक्याचा आहे, असा माझा समज होता. एप्रिलच्या अखेरीस अण्णांच्या मुलाचा लीड्सहून फोन आला आणि तो समज गेला.

मुलगा तिकडं संगणकाच्या नोकरीत आहे. लाखो रोपं तयार करणाऱ्या बापाच्या घरात वाढताना त्यानं कधी एका ट्रेला पाणी घातलं नाही. विलायतेत गेल्यावर मात्र त्याच्या रक्तातला शेतकरी जागा झाला. घरामागच्या वीतभर जागेत त्यानं काचेची एक खोली उभी केली. खोली म्हणजे आपल्याकडच्या पानटपरीएवढी.

'अण्णा, टोमॅटो-मिरचीची रोपं घरातून ग्रीनहाऊसमध्ये आता हलवू, का थांबू?'

'किती दिवसाची झाली?'

'झाले की दीड महिना. पण ग्रीनहाऊस गरम करायची सोय नाही ना माझ्याकडं.'

अण्णांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. 'काय करायची सोय नाही म्हणलास?'

'गरम.'

त्या वेळी देवणीत पारा चाळिशी ओलांडून गेला होता आणि अण्णा शेडनेटच्या पश्चिम बाजूला वहिनींच्या जुन्या साड्या बांधत होते. आमच्याकडं उन्हाळ्यात जाळी एकटी पुरत नाही. पन्नास टक्क्यांची जाळी निम्मं ऊन अडवते, पण उरलेलं निम्मं ऊनसुद्धा मराठवाड्याचं असतं. मग जाळीवर जाळी येते, फवाऱ्याचं पाणी येतं आणि शेवटी साड्या येतात. वहिनी प्रत्येक साडी ओळखून हळहळत होत्या. 'अहो, ती नका बांधू, ती माझ्या डोहाळजेवणाची आहे.' ज्याच्या डोहाळजेवणाची ती साडी होती, तोच हजारो मैलांवरून ग्रीनहाऊस कसं तापवावं ते विचारत होता.

अण्णांनी फोन माझ्याकडं दिला. शिकलेल्या माणसानं समजून घ्यावं अशी गोष्ट आली, की आमच्या घरात फोन माझ्याकडं येतो.

पोराची अडचण मात्र खरी होती. लीड्स इंग्लंडच्या उत्तर भागात. तिथं वसंतात दुपारी ऊन पडलं की काचेची खोली चांगली तापते, पण रात्री बाहेर चार अंश असले तर आत फार तर सहा. काचेला ऊन आत घ्यायची हौस असते, रात्रभर सांभाळायची ऐपत नसते. टोमॅटो आणि मिरची पडल्या मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. रात्रीचा पारा दहाच्या खाली राहिला की त्या वाढायच्या थांबतात, पानं जांभळट होतात, आणि कडाक्याच्या एका रात्रीत झाड काळं होऊन बसतं. म्हणून तिकडचे लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातल्या खिडकीत बी टाकतात आणि रात्रीचा पारा सलग दहाच्या वर राहायला लागेपर्यंत रोपं घरात पोसतात. तोवर रोज सकाळी ट्रे बाहेर, संध्याकाळी ट्रे आत. आमची सूनबाई फोनवर म्हणाली, 'काका, हे एवढं बाळाला सुद्धा बाहेर नेत नाहीत.'

रोपं अशी थोडी थोडी बाहेरच्या हवेला लावून कणखर करण्याची रीत आमच्याकडंही आहे. शेतात जायच्या आधी पाच-सहा दिवस अण्णा पाणी तोडतात, जाळी सरकवतात आणि रोपांना ऊन खाऊ देतात. फरक एवढाच, की तिकडं रोपाला थंडी सोसायला शिकवतात आणि इकडं ऊन. कामाला लावायच्या आधी थोडा छळ करावा, याबाबत दोन्ही देशांचं एकमत आहे.

'त्याला म्हणावं,' अण्णा म्हणाले, 'न तापवता तापणारी खोली पाहिजे तर इकडं ये. आपली माळवदावरची पत्र्याची खोली रिकामीच आहे.' हे मात्र खरं. त्या खोलीत मे महिन्यात टोमॅटोचं रोप ठेवलं तर त्याची भाजी होऊन निघेल.

कोवळी रोपं हलवण्याचा आमच्या तालुक्याचा खरा अनुभव तसा भाजीतला नाहीच. दहावीचा निकाल लागला, की देवणी, वलांडी, जळकोट, उदगीर इथून सोळा वर्षांची रोपं उपटून लातूरला नेऊन लावतात. 'लातूर पॅटर्न' म्हणतात तो हाच. लावणीचं अंतर ठरलेलं, एका खोलीत तीन कॉट. वर पत्रा, बाजूला पाण्याचा जार. खताचा डोस सकाळी सहा ते रात्री दहा. रोप कधी हलवावं यावर इथंही वाद आहेतच. कुणी म्हणतं दहावीनंतर, कुणी म्हणतं उशीर होतो, आठवीतच न्या. मधल्या काळात रोप काय म्हणतंय, हे विचारायची पद्धत याही पिकात नाही. काही रोपं डॉक्टर होऊन डवरतात, काही दिवाळीच्या सुट्टीला येतात ती परत जात नाहीत. अण्णांचा मुलगा लातूरला चांगला रुजला. इतका, की तिथून उचलला तो थेट लीड्सला.

असो. भाजीकडं येतो.

रोप कव्हा लावावं यावर आमच्याकडं निदान पाच तरी अधिकारी व्यक्ती आहेत. पहिले आमचे आबा. त्यांचं सगळं नक्षत्रांवर. मेच्या शेवटच्या आठवड्यात रोहिणी निघतं, सात जूनच्या आगेमागे मृग, मग आर्द्रा आणि पुढं हस्तापर्यंत. प्रत्येक नक्षत्राचं वाहन पंचांगात छापलेलं असतं. म्हैस, बेडूक, हत्ती आले की आबा खूश, कोल्हा-मेंढा आले की दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. एवढी जनावरं झाली, पण एकाही नक्षत्राला वाहन म्हणून देवणी वळू मिळाला नाही, हा त्यांचा जुना सल आहे. पंचांग सोलापूरचं असल्यामुळं असं झालं असावं, असा त्यांना संशय आहे.

दुसरा अधिकारी कृषी विभाग. त्यांचं सांगणं दरवर्षी एकच आणि बरोबर, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणी करू नका. हे आहे सोयाबीनसारख्या कोरडवाहू पिकासाठी. पण आमच्याकडं एक गृहस्थ आहेत, त्यांनी ठिबक अंथरलंय, विहीर भरलेली आहे, आणि मिरचीची रोपं ट्रेमध्ये म्हातारी होत चाललीत. ते रोज सकाळी येऊन सांगतात, 'अजून 75 मिलिमीटर कुठं झालाय?'

तिसरा मोबाईल. एकाच मोबाईलमध्ये हवामान खात्याचा पिवळा इशारा असतो, परभणीकडच्या पंजाबराव डखांचा पावसाच्या अंदाजाचा व्हिडिओ असतो आणि एका परदेशी ॲपवर ढगाचं चित्रही असतं. तिघांचं जमलं तर माणूस संशयानं म्हणतो, 'तिघंबी एकच सांगायलेत, म्हणजे कायतरी गडबड हाय.' तिघांचं जमलं नाही, तर ज्याच्यात आज काम करायचं नाही असं निघतं, त्याच्यावर विश्वास ठेवतो.

चौथा कृषी सेवा केंद्रवाला. त्याच्याकडं वाईट दिवस नसतो. उन्हात लावताय? हे टाका, ताण सोसतंय. पावसात लावताय? हे टाका, बुरशी येत नाही. ढगाळ आहे? मग तर टाकाच. त्याच्या दुकानातून मुहूर्त विचारून रिकाम्या हातानं परतलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.

आणि पाचवा, सगळ्यांवर कडी करणारा, शेजारी. आबांचं नक्षत्र, खात्याचा इशारा, दुकानदाराची बाटली सगळं ऐकून झाल्यावर माणूस बांधावर उभा राहतो आणि शेजारच्या रानात बघतो. त्यानं लावलं असेल तर दुसऱ्या दिवशी हाही लावतो. त्यानं लावलं नसेल तर थांबतो. शेजारीही तिकडून हेच बघत असतो. गेल्या मृगात आमच्याकडं दोघं भाऊभाऊ आठवडाभर एकमेकांच्या सऱ्यांकडं बघत बसले आणि रोपं अण्णांच्या शेडनेटमध्ये फुलावर आली.

हे मी लीड्सला फोनवर सांगितलं, तर पोरगं म्हणालं, 'काका, इकडं तरी काय वेगळं आहे?' त्याच्या एका बाजूला एक जर्मन आजी राहतात. त्यांनी त्याला बजावलं, पंधरा मेच्या आत एकही रोप बाहेर काढायचं नाही, 'बर्फाचे संत' अजून जायचेत. जर्मनीकडं 11 ते 15 मे हे दिवस ममेर्टुस, पांक्राट्सिउस, सेर्वाटिउस, बोनिफात्सिउस या चार संतांचे आणि पाचवा सोफीचा. या पाच दिवसांत शेवटची थंडी येऊन कोवळी रोपं मारून जाते, असा तिकडच्या शेतकऱ्यांचा शेकडो वर्षांचा ठोकताळा. शेवटचा दिवस तर 'थंड सोफी' म्हणूनच ओळखला जातो. सोफी गेली, की टोमॅटो बाहेर.

आबांना हे ऐकून भलताच आनंद झाला. 'म्हणजे नक्षत्रं हायत की त्यांच्यातबी! वाहन काय असतंय?' वाहन नसतं म्हटल्यावर जरा निराश झाले. मग मी सांगितलं, की 1582 मध्ये पोप ग्रेगरींनी कॅलेंडर दुरुस्त करताना दहा दिवस गाळले, त्यामुळं ज्या काळात हे संत आणि थंडी यांची गाठ पडली असेल तो काळ आता खरं तर दहाएक दिवस पुढं सरकलेला आहे, असंही काहीजण म्हणतात. आबांनी मान हलवली. 'अधिक महिना धरत नसतील. मग चुकणारच.'

दुसऱ्या बाजूचा शेजारी इंग्रज. त्याचा हिशोब वेगळा. मेच्या शेवटच्या सोमवारी तिकडं बँकेची सुट्टी असते. ती झाली, की रोपं बाहेर. 'बँका बंद असल्या की लावणी?' अण्णांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमच्याकडं बँका चालू असल्या तरच लावणी होते, कारण पीककर्ज तिथंच अडकलेलं असतं.

आता अण्णा. त्यांची पद्धत या सगळ्यांहून वेगळी आहे आणि ती बघायला मला आवडते. गिऱ्हाईक प्रश्न विचारून आभाळाकडं बघत असतं तेव्हा अण्णा खाली वाकतात. 98 कप्प्यांचा काळा ट्रे उचलतात, एका कप्प्याच्या बुडाच्या भोकातून अंगठा दाबतात आणि वरून देठ दोन बोटांत हलकेच धरतात. रोप कोकोपीटच्या गड्ड्यासकट अलगद वर येतं. तो गड्डा ते तळहातावर आडवा ठेवतात. मुळं पांढरीशुभ्र असावीत आणि त्यांनी कोकोपीट असं धरलेलं असावं, की हलवलं तरी भुगा पडू नये, पण गड्ड्याभोवती गरगर फिरायला लागलेली नसावीत. भुगा पडला तर रोप अजून कच्चं. मुळं फिरून पिवळी-तपकिरी झाली तर रोपाला वाटतं, हाच आपला जन्माचा कप्पा. अशा रोपाला नंतर एकरभर रान दिलं तरी ते मनानं ट्रेमध्येच राहतं. टोमॅटोला हे दिवस 21 ते 25, वांग्याला महिना ते पाच आठवडे, मिरचीला पाच-सहा आठवडे. हिवाळ्यात त्याहून थोडे जास्त. वर चार-पाच खरी पानं, खोड बुटकं आणि जाड. 'उंच रोप म्हणजे चांगलं रोप' असं वाटणारी माणसं फार आहेत. सावलीत लांबलचक झालेलं, मान टाकणारं रोप बघून ती खूश होतात. त्याहून खूश होतात ती ट्रेमध्येच फूल आलेलं रोप बघून. 'अण्णा, हेला तर फूल आलंय, लगेच माल निघंल!' अण्णा अशा वेळी पाणी प्यायला जातात.

एवढं तळहातावर ठेवून दाखवलं, मुळं दाखवली, पानं मोजली, तरी समोरचा शेवटी विचारतोच, 'ते खरं हाय अण्णा, पण कव्हा लावावं?'

रोप तयार झालं तरी माणूस तयार नसतो, ही रोपवाटिकेची कायमची रड. बी टाकतात ते बुकिंगवर. बुकिंगवाला म्हणतो, पंचवीस दिवसांनी येतो. पंचवीस दिवसांनी मल्चिंग पेपर आलेला नसतो. पेपर येतो तेव्हा मेव्हण्याच्या पोरीचं लग्न असतं. लग्न उरकतं तेव्हा मोटार जळलेली असते. तोपर्यंत एक-दोन रुपयांचं ते रोप वयात येऊन, फुलून, वठायला लागलेलं असतं आणि मग गृहस्थ येऊन म्हणतात, 'रोप जून झालंय, भाव कमी करा.'

याच्या उलट घाईचं उदाहरण 2023 चं. त्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीच्या वर गेला आणि देशभर टोमॅटो उत्पादक कोट्यधीश झाल्याच्या बातम्या सुरू झाल्या. ज्यांनी जन्मात टोमॅटो लावला नव्हता, ती माणसं रात्री दहाला अण्णांचं दार वाजवायला लागली. त्या दिवसांत कुणीच मुहूर्त विचारला नाही. नक्षत्र नाही, वाहन नाही, 75 मिलिमीटर नाही. रोप किती दिवसांचं आहे हेही नाही. 'आहे का?' एवढंच. सप्टेंबरात सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला आणि शेतकरी टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतायला लागले. तेव्हा मात्र पुन्हा चर्चा सुरू झाली, की लावणी जरा चुकीच्या नक्षत्रावर झाली.

असा एकच उन्हाळा मला आठवतो, जेव्हा हा प्रश्न विचारायला कुणी आलंच नाही. 2016 चा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीनं पाच लाख लिटर आणलं. अण्णांनी त्या वर्षी सगळे ट्रे धुऊन, पालथे घालून, एकावर एक रचून ठेवले होते.

थंडी आमच्याकडंही पडते. मात्र ती आधी औराद शहाजानीला पडते, तिथल्या हवामान केंद्राचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, आणि तो वाचून देवणीत लोक कानटोप्या घालतात. डिसेंबर-जानेवारीत मिरचीचं बी रुसून बसतं. अण्णा बी टाकलेले ट्रे एकावर एक रचतात आणि काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. आत ऊब धरते आणि कोंब वर आले की एक दिवसही न थांबता ट्रे उघडावे लागतात, नाहीतर रोपं अंधारात पांढरी, लांबलचक होतात. कडाका वाढला की वहिनी त्या प्लास्टिकवर गोधडी टाकतात. टरबूजवाले तर याच दिवसांत रोपं रानात लावतात आणि वर पांढऱ्या कापडाचा बुटका बोगदा करतात. फुलं आली की मधमाश्यांसाठी तो काढायचा. म्हणजे लीड्सचं काचघर आमच्याकडं कापडाचं आणि गुडघ्याएवढं, एवढाच काय तो फरक.

त्याहून जुनं काचघर म्हणजे येळवशीची कोप. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला लातूर जिल्ह्यातली गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप करतात, वर शाल पांघरतात, आत पांडव मांडून पूजा करतात. आंबील, भज्जी, उंडे, धपाटे, खीर. थंडीच्या दिवसांत कोपीत डोकं घातलं तर आत उबारा लागतो, वारा नाही. मी पोराला फोनवर म्हटलं, 'अरे, न तापवलेलं ग्रीनहाऊस तुझ्या आजोबांच्या आजोबांनाही माहीत होतं. फक्त आत रोपं ठेवायचं कुणाला सुचलं नाही, कारण आंबिलीचं मडकं ठेवायला जागा लागायची.' तिकडून सूनबाईचा आवाज आला, 'काका, धपाट्यांचं नाव काढू नका.'

शेडनेटबद्दल एक सांगायचं राहिलं. तालुक्यात हिरव्या जाळ्या बऱ्याच दिसतात, त्या सगळ्यांत रोपं असतात असं नाही. अनुदान आलं म्हणून काहींनी उभारल्या. त्यातल्या एका जाळीखाली आता ट्रॅक्टर असतो, एकीत कडबा आणि एकीत लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या मोटारी. ऊन लागू नये ही गरज आमच्याकडं सर्वांनाच आहे, त्यामुळं मी त्यांना नावं ठेवत नाही.

लीड्सच्या रोपांचं पुढं काय झालं, तर पोरानं जर्मन आजींचं ऐकून सोफी जाईपर्यंत वाट बघितली, मग अण्णांचं ऐकून एक रोप कुंडीतून उलटं करून मुळं बघितली. मुळं पांढरी होती, कुंडीच्या कडेला नुकती पोचली होती. रात्रीचा पारा बघितला, तो दहाच्या वर होता. सगळं जमलं होतं. तरीही त्यानं रोपं हलवली ती आठवडाभरानंतर, इंग्रज शेजाऱ्यानं आपली हलवलेली कुंपणावरून दिसली त्या संध्याकाळी. अण्णा म्हणाले, 'देवणीचाच आहे पोरगा.'

रोपं न्यायला येणाऱ्यांसाठी अण्णांनी मला चार ओळींचा बोर्ड लिहून द्यायला सांगितलंय, तो इथंच लिहून टाकतो. दुपारी बारा ते चार रोप न्यायला येऊ नका. मेमध्ये मल्चिंग पेपरच्या भोकातून निघणारी वाफ त्याच दिवशी रोपाचं खोड भाजते, तेव्हा बेड आधी भिजवून घ्या आणि ऊन उतरल्यावर लावा. मोटारसायकलच्या मागं ट्रे बांधून साठच्या वेगानं उदगीर रस्त्यानं जाऊ नका, वाऱ्यानं पानं घरी पोचेपर्यंत वाळतात. टेम्पो करा, वर ओलं गोणपाट टाका. लावायच्या आधी एक रोप उपटून मुळं बघा. आणि गेल्या हंगामात नेलेले रिकामे ट्रे परत आणून द्या, त्यांची अनामत अजून आमच्याकडंच पडून आहे.